गफ्फार साउंड आणि हरीओमचा रेडिओ

रिसोडात वरात निघाली की गफ्फारच्या डीजेवर दर गाण्यात ‘गफ्फार साउंड’ अशी आरोळी घुमायची. तरी गफ्फारच्या पोटात दुखायचं ते त्याच्याच हाताखाली शिकलेल्या हरीओममुळे. त्याने घरूनच इंटरनेट रेडिओ काढला होता. त्यावर ना शब्द, ना आरोळी, नुसतं इलेक्ट्रॉनिक संगीत; आणि ते म्हणे जर्मनीत ऐकतात. कुठेतरी चुकेलच, म्हणून गफ्फार रोज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून, हेडफोन लावून सगळं ऐकायचा. चूक सापडत नव्हती, म्हणून आणखीच जळायचा.

एकदा हरीओम वायर मागायला आला. “गफ्फारभाई, रेडिओ बंदच करनार होतो. पन कॉम्प्युटरवर दिसते, रिसोडातून एक जन रोज शेवटपर्यंत ऐकते. त्याच्यासाठीच चालू ठेवला.”

“असन कोनी रिकामा,” गफ्फार म्हणाला, आणि गळ्यातला हेडफोन गल्ल्याखाली सारला.