दोन भोवरे

घरात त्याला ढब्बू म्हणायचे. हे नाव आत्याने ठेवलं, गल्लीने उचललं आणि शाळेने कायम केलं. तो चिडायचा नाही. उलट पाहुणे आले की स्वतःच पोटावर थाप मारून दाखवायचा. जाड्या मुलाने हसतमुख असावं, अशी लोकांची अपेक्षा असते, आणि ढब्बू पहिल्यापासून कुणाचं मन न मोडणारा.

त्याच्या वडिलांचं केशकर्तनाचं दुकान आहे. मी तिथला जुना गिऱ्हाईक, त्यामुळे यातलं बरंचसं मला त्याच खुर्चीत बसून कळलं. न्हाव्यापुढे मान खाली घालून बसलेल्या माणसाला लोक मोकळेपणाने सगळं सांगतात, आणि कधीमधी न्हावीही सांगतो.

ढब्बूचे केस जन्मापासून वडिलांनीच कापले. डोक्यावर दोन भोवरे, एकमेकांच्या उलट फिरणारे. कंगवा कसाही फिरवा, मागे एक झुपका उभाच. "दोन लग्नं करणार लेकाचा," असं वडील दर वेळी म्हणायचे, आणि ढब्बू दर वेळी म्हणायचा, "आधी एक तर होऊ द्या." विनोदाचा पार चोथा झाला होता, पण दोघांनाही तो सोडवत नव्हता.

बारावीनंतर तो चित्रकलेच्या कॉलेजात गेला. तिथे माणसाचं शरीर काढायला शिकवायचे, आणि बाहेरून मॉडेल आणायची पद्धत नव्हती. वर्गातल्यांनीच पाळीपाळीने मधल्या चौथऱ्यावर बसायचं, बाकीच्यांनी गोल करून काढायचं. मुली कपड्यांत बसायच्या, मुलगे अर्ध्या चड्डीवर. मुलग्यांना कसली आलीय लाज, असं सर म्हणायचे. हे सर अंगकाठीवर फार बोलायचे आणि माणसावर फार कमी.

पहिल्या वर्षी ढब्बूची पाळी आली. तास संपल्यावर सगळे कागद भिंतीला टाचले गेले. एकाने कंपास लावून नुसतं एक वर्तुळ काढलं होतं आणि वर डोक्याचं दुसरं छोटं. वर्ग खो-खो हसला. ढब्बू सगळ्यांत मोठ्याने हसला. मग तो घरी गेला आणि जेवला नाही.

आधी गोड सुटलं, मग रात्रीचं जेवण. "कॉलेजात खाऊन आलोय" हे वाक्य त्याच्या तोंडात बसलं. आईने भरून दिलेला डबा वर्गातला एक मित्र खायचा. हा मित्र काढण्यापेक्षा खोडायचा जास्त, म्हणून त्याला सगळे रबर म्हणायचे. डबा घासूनपुसून रिकामा परत यायचा आणि आई खूश व्हायची. ढब्बू कॉलेजचे जिने उगाचच चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. आरशासमोर उभा राहून पोटाची कातडी चिमटीत धरून बघायचा. चिमटीत काही ना काही यायचंच, कारण कातडी सगळ्यांनाच असते.

सहा-आठ महिन्यांत तो निम्मा झाला. नातेवाइकांनी तोंडभरून कौतुक केलं. नाव ठेवणारी आत्या स्वतः विचारायला लागली, "मेल्या, कसलं डाएट करतोस ते मला पण सांग." पोरगी अशी वाळली असती तर घरातल्या बायकांनी तिला कोपऱ्यात घेऊन खोदून खोदून विचारलं असतं. पोरगा वाळला तेव्हा सगळे म्हणाले, किती मनाचा पक्का!

पुढच्या वर्षी पुन्हा त्याची पाळी आली. शर्ट काढून तो चौथऱ्यावर बसला, आणि सर उठून जवळ आले.

"बघा रे," त्यांनी खडूच्या टोकाने हवेत दाखवलं. "गळ्याखालचं हाड. बरगडी कुठून निघते, कुठे वळते, सगळं समोर. पुस्तक उघडायची गरज नाही. असं मॉडेल नशिबाने मिळतं."

वर्गाच्या कोपऱ्यात खुंटीवर एक प्लॅस्टिकचा सापळा टांगलेला असायचा. त्या दिवसापासून ढब्बूचं नाव सापळेराव पडलं. या नावात चेष्टा कमी आणि मान जास्त होता. पाळी नसली तरी पोरं त्यालाच बसवायची. बघायला शिकलेली ही मुलं. त्यांना त्याच्या पाठीचा मणका न् मणका दिसला, खांद्याच्या पात्याची धार दिसली, ढोपराच्या वाट्या दिसल्या. सावल्या तर त्याच्या अंगावर अशा पडायच्या की चारकोल घेऊन पोरं हरखून जायची. मुलगा आजारी आहे, हे मात्र एकालाही दिसलं नाही. याचा मला अजूनही राग येतो.

ढब्बूला स्वतःला तर निराळंच दिसायचं. तास संपला की तो भिंतीवरचे कागद एकेक बघत जायचा आणि पोटापाशी थांबायचा.

"हे बघ, इथे अजून आहे," तो रबरला म्हणायचा.

"ती सावली आहे, गाढवा."

"सावली कशाची तरी पडते ना?"

 रबर डबा उघडायचा.

एकदा ढब्बू चौथऱ्यावरच भोवळ येऊन पडला. कुणी पाणी आणलं, सरांनी खिशातलं बिस्कीट दिलं आणि सकाळी खाऊन येत जा म्हणून दटावलं. त्याने बिस्कीट खिशात टाकलं. थोड्या वेळाने तो पुन्हा बसला, पण थंडीने अंग थरथरत होतं. "हलू नकोस रे, रेघ चुकते," मागून कुणीतरी ओरडलं.

आता कुणीही म्हणेल, बाप काय डोळे मिटून बसला होता? तर त्याचं असं होतं. वडील सकाळी दुकानात जायचे ते पोरगा झोपायच्या बेताला परतायचे. ढब्बू घरात वडिलांचे जुने ढगळ स्वेटर घालून हिंडायचा. दोघांची निवांत भेट व्हायची ती महिन्यातून एकदा, दुकानात. तिथे खुर्चीत बसला की वडील सवयीने त्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधायचे. कापडाखाली मुलगा, वर डोकं. वडिलांना डोकं कळायचं, आणि त्यांनी तेच बघितलं.

केस विरळ झाले होते. कंगव्यात पुंजके यायला लागले होते. वडिलांनी आधी पाण्याला दोष दिला, मग शांपूला, मग ढब्बूच्या आजोबांना. निरनिराळी तेलं आणली, स्वतः बोटांनी मुरवली. मला म्हणाले, "पोराचे केस आजोबांवर गेले. पण मी सोडणार नाही, मुळांतून ताकद आणतो बघा." आयुष्यभर केसांचं केलेल्या माणसाने केसांवरच उपाय शोधला.

वर्षाअखेरीस कॉलेजात प्रदर्शन होतं. ढब्बूने घरी सांगितलंच नव्हतं. एका गिऱ्हाइकाकडून वडिलांना कळलं, आणि पोराला चकित करावं म्हणून ते भर दुपारी दुकान बंद करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

मुलाची चित्रं त्यांना दाराजवळच सापडली, बाटल्या आणि खुर्च्या. ती त्यांनी मन लावून पाहिली. मग आतल्या मोठ्या खोलीत गेले. तिथे चारी भिंतींवर एकच माणूस होता. बसलेला, उभा, वाकलेला, पाठमोरा. चेहरे प्रत्येकाने आपापल्या कुवतीने काढलेले, एकाचा दुसऱ्याशी जुळत नव्हता. हाडं मात्र सगळ्यांची सारखी होती.

एका चित्राजवळ राखणीला रबर उभा होता.

"कोण रे हा बिचारा?" वडिलांनी विचारलं.

"आमचा सापळेराव. वर्गातलाच आहे, काका. एक नंबर मॉडेल."

"काही खातबित नाही की काय?"

रबर हसला. वडीलही हसले, आणि हसता हसता त्यांची नजर रबरच्या चित्रावर गेली. पाठमोरा माणूस, मान खाली घातलेली. रबरला पाठ नीट जमली नव्हती, खोडून खोडून कागद फाटायला आला होता. डोकं मात्र त्याने केस न् केस बघून काढलं होतं.

वडिलांनी हात वर केला आणि बोट कागदावर, डोक्याच्या मागच्या बाजूला टेकवलं.

"हात नका लावू, काका."

"हे दोन भोवरे तू मनाने काढलेस का?"

"नाही हो. आहेत त्याला."

वडिलांनी बोट काढून घेतलं. मग दारापासून सुरुवात करून त्यांनी त्या खोलीतलं प्रत्येक चित्र पुन्हा पाहिलं.

ढब्बू तिथे आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चल, दुकानात जाऊ."  दुकानाचं शटर अर्धं वर करून दोघं आत शिरले. वडिलांनी दिवे लावले, त्याला खुर्चीत बसवलं आणि कापड खुंटीलाच राहू दिलं.

"स्वेटर काढ. शर्ट पण."

ढब्बूने काढले. वडील मागे उभे राहिले. आरशात आता दोघं होते.

"काय दिसतंय तुला?" वडिलांनी विचारलं. 

ढब्बूने आरशात बघितलं, अगदी प्रामाणिकपणे बघितलं, आणि म्हणाला, "पोट."

हे मला सांगताना त्यांच्या हातातली कात्री थांबली होती. म्हणाले, "तोवर वाटत होतं, घरी नेतो, बसून चार घास भरवतो. मग कळलं की हे माझ्या हातातलं नाही." दुसऱ्या दिवशी आईवडील त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. आईने तिथे विचारलं, "पण हे मुलींना होतं ना?" डॉक्टर म्हणाल्या, "मुलांनाही होतं. त्यांना फक्त उशिरा आणतात."

कॉलेजचं वर्ष गेलं. काही आठवडे दवाखान्यात, मग घरी. कधी ताटावर भांडणं, कधी रडारड, कधी नुसती शांतता. आत्याला ढब्बू या नावाने हाक मारायची बंदी झाली. तो पूर्ण बरा झाला असं मी म्हणणार नाही, तोही म्हणत नाही. जेवतो, आणि प्रत्येक जेवणाच्या आधी त्याला मनाशी भांडावं लागतं.

परवा मी दुकानात गेलो तर खुर्चीत तोच होता, कमरेपर्यंत उघडा. केस कापले जात होते आणि खांद्यांवर, पाठीवर, मांडीवर पडत होते. तो सारखा चुळबुळत होता.

"बाबा, कापड टाका ना. टोचतंय."

वडिलांनी आरशात त्याच्याकडे पाहिलं, डोक्यापासून पोटापर्यंत नीट, आणि पुन्हा कात्री चालवायला घेतली.

"टोचू दे," ते म्हणाले.