भागाअक्का आणि लग्नाच्या रश्शाचं पीठ

आमच्या रावेरकडच्या गावात लग्न ठरलं की मुलीच्या बापानं आधी भटजीकडे जायचं की भागाअक्काकडे, यावर वाद व्हायचा. बहुतेक जण आधी अक्काकडेच जात. भटजी दुसऱ्या गावाहून आणता यायचा.

पंगतीचा स्वयंपाक आमच्याकडे पुरुषमंडळी करत. बट्ट्या, वरण आणि वांग्याचा रस्सा. बायकांनी तिकडे फिरकायचंही नाही. पण रश्शाला दाटपणा येतो तो तेलात भाजलेल्या पिठानं, आणि ते पीठ भाजायला त्या सगळ्या धोतरांमध्ये एकच लुगडं बसायचं, अक्काचं. कढईत तेल तापलं की डाळीचं पीठ टाकून ती लांब दांड्याचा सराटा, म्हणजे मोठं उलथणं, फिरवत राही. पीठ कच्चं राहिलं तर रस्सा घशाला चिकटतो, दोन फेरे जास्त झाले तर कडू होतो. आणि दोनशे माणसांच्या पंगतीत रस्सा कडू झाला, तर त्या घराची लोकं दहा वर्षं तेवढीच आठवण काढतात.

अक्का बाविसाव्या वर्षी विधवा झाली होती. हळद लावायला तिला कोणी बोलवत नसे, ओटी भरायला नाही, नवरीच्या समोर तर येऊच देत नसत. लग्नघरात तिला बसायला जागा होती ती त्या कढईपाशी. तेवढीच.

सत्तावन्न साली फ्लूची साथ आली. घरोघरी माणसं अंथरुणाला लागली, अक्काही महिनाभर निजून होती. मी तिच्या शेजारची नवी सून. ती उठती झाल्यावर एकदा ताक मागायला गेले, तर चुलीवर दूध करपून काळं झालेलं, त्याचा वास पार आमच्या ओट्यापर्यंत आलेला, आणि अक्का चुलीकडे पाठ करून खुशाल ज्वारी निवडत बसलेली.

“अक्का, दूध!”

ती उठली, पातेलं उतरवलं, मग दार लोटून घेतलं.

“कोणाले सांगशील तर पाह्य. ताप गेला तो वास बी घेऊन गेला. हिंगाची डबी नाकाले लावली तरी काही नही.”

“मग लग्नातलं पीठ?”

“डोळे हायेत ना! डाळीचं पीठ रंग दाखवते.”

खरंच, त्या हिवाळ्यात कोणाला काही कळलं नाही. अक्का रंग पाहून कढई उतरवत होती.

पण पुढच्या वैशाखात शालिग्रामआबांच्या नातीचं लग्न निघालं आणि त्या वर्षी आमच्या शिवारातला हरभरा अळीनं खाल्ला होता. आबांनी डाळीच्या पिठाऐवजी बाजरीचं पीठ दळून ठेवलं. बाजरीचं पीठ आधीच राखाडी. कच्चं काय, भाजलेलं काय, धुरात बघणाऱ्याला दोन्ही सारखीच. तिथं नाकच लागतं.

आदल्या दिवशी अक्का माझ्या सासूबाईंकडे आली. “उद्या पाणी ओतायले तुही सून दे,” म्हणाली. सासूबाईंनी मान समजून दिली. आबा माझे चुलत सासरे, त्यांच्यापुढे तोंड उघडायची सोय नाही. म्हणून अक्कानं मला बाजूला घेऊन सांगितलं, “खमंग वास आला की बांगड्या वाजव.”

सकाळी मी जाऊन बसले; अक्काच्या हाताखालची म्हणून मला कोणी अडवलं नाही. पदर नाकाच्या खाली ओढलेला, समोर ओली लाकडं धुमसतायत, मला त्या नव्या लुगड्याच्या खळीचाच वास येत होता. अक्काचा सराटा फिरत होता. पीठ तेल पिऊन घट्ट गोळा झालं होतं. करपलं तर काय, या धास्तीनं मी बांगड्या वाजवल्या. अक्काचा हात क्षणभर थांबला, सराट्याचं वजन पाहिल्यासारखा, आणि पुन्हा फिरू लागला. तिनं ऐकलं नाही वाटून मी आणखी जोरात वाजवल्या.

“थांब व,” ती पुटपुटली.

आबा वांगी चिरणाऱ्यांत बसले होते. “काय हो, वाजंत्री आताच आली काय? कोणाची सून हाये ही? मोठ्या माणसाईपुढे बांगड्या वाजवते!”

सगळे हसले. माझे कान तापले. हे सासूबाईंच्या कानावर जाणार आणि मग माझं काय होणार, ते मला दिसत होतं. अक्कालाही दिसलं असावं.

“तिले बोलू नका आबा. मीच सांगतलं होतं. मले वास येत नही. साथीपासून.”

विळ्या थांबल्या. आबा उठून कढईशी आले.

“मंग हे पीठ?”

“कच्चं हाये अजून. पोरीनं घाई केली.”

“तुले कसं समजते?”

“सराटा जड लागते ना.”

आबांनी तिच्या हातातून सराटा घेतला. मला वाटलं, झालं, उठवलं तिला. त्यांनी दोन फेरे दिले, तिसरा दिला, कपाळ आक्रसून कढईत पाहिलं.

“मले तं काही समजत नही,” म्हणाले आणि सराटा तिला परत दिला.

थोड्या वेळानं गोळा सुटला, तेल कडेला आलं, सराटा पाण्यात फिरावा तसा फिरू लागला. “पाणी,” अक्का म्हणाली. मी कढत पाणी ओतलं. रस्सा झाल्यावर आबांनी तळहातावर घेऊन चाखला. पुन्हा घेऊन चाखला.

“मीठ कमी हाये,” शेवटी म्हणाले. मीठ घालायचं काम त्यांचंच होतं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पुढच्या दोन लग्नांत अक्काला कोणी बोलावलं नाही. ते दोन्ही रस्से मी खाल्ले आहेत, त्यांच्याविषयी न लिहिलेलंच बरं. तिसऱ्या लग्नाला नवरीचे वडील पितांबरभाऊ स्वतः तिच्या दारी गेले. मात्र सोबत सून पाठवतो म्हणाले, वास घ्यायला.

मग तसाच रिवाज पडला. प्रत्येक घर आपली सून अक्काजवळ बसवायचं. अक्का तिला म्हणायची, “नाक राहू दे बाजूले, सराटा धर.” अशा सोळा जणींना तिनं शिकवलं. पहिली मी. माझ्या हातचं पीठ तिला कधीच पूर्ण पटलं नाही. फार खूश असली तर म्हणायची, “खाता येते.”