टायमरचं पान

ओल्या फडक्याला कोळशाच्या धुळीचा वास आला की मला भद्रावतीची, कोळशाच्या खाणीजवळची ती भाड्याची खोली आठवते. तिथे बसून मी प्रोग्रामरांच्या वापरातल्या एका सॉफ्टवेअर लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे ती कशी वापरायची हे सांगणारी पानं, सांभाळायचो. त्यातल्या एका पानावर लिहिलं होतं की काम झालं की टायमर आपोआप थांबतो. तो थांबत नव्हता, आणि त्या वाक्यावर विसंबलेल्या लोकांचे प्रोग्राम चालूच राहायचे. मी ते वाक्य दुरुस्त करायचो. पण पानं कोडमधल्या टिपणांवरून तयार व्हायची, आणि कोडला हात लावायची मला परवानगी नव्हती. कोड लिहिणाऱ्यांना सांगून सांगून थकलो होतो. नवी आवृत्ती निघाली की चूक परत हजर. त्या सकाळी ती पुन्हा दिसली, तेव्हा मी लॅपटॉप मिटून नुसता बसून राहिलो. घरमालकीण बाई खिडकी पुसत होत्या, फडकं काळंकुट्ट झालेलं. मी वैतागून म्हटलं, "बाई, कायले पुसून राह्यल्या? उद्या पुन्हा बसतेच ना धूळ!" त्यांनी फडकं बादलीत पिळलं. "मंग काय करू भाऊ? खाण माह्या हातात हाये का?" मी लॅपटॉप उघडला आणि ते वाक्य पुन्हा दुरुस्त केलं. ती नोकरी सोडून आता वर्षं झाली, पानं दुसरंच कुणीतरी सांभाळतं. तरी नवी आवृत्ती निघाली की मी ते पान उघडून बघतो. तिथे टायमर अजूनही आपोआप थांबतो.