पाणी येईपर्यंत खोदा

उत्खननात खापरं निघतात त्याहून जास्त किस्से निघतात! खापरं पोत्यात भरून ठेवता येतात, किस्से मात्र आमच्यातले दोघं चहाला भेटले की लगेच बाहेर पडतात. त्यातही नव्वदच्या दशकातला सणसर गावच्या खोदकामाचा सीझन म्हणजे कहर.

तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली ती नेमकी तात्यांच्या उसाच्या रानात. तात्यांची एकच अट होती: कॅनॉलला पाणी सुटेपर्यंत खोदा, माझी पाण्याची पाळी आली की मी उसाची लागण करणार. त्यामुळे आमचा सगळा जीव कॅनॉलकडे! तात्या रोज सायकलवरून येऊन खड्ड्यात डोकवायचे. खोदकामाचे प्रमुख असलेल्या आमच्या सरांनी ब्रशनं दिवसभरात चार बोटं माती काढलेली असायची.

"माझी म्हस उभ्या उभ्या एवढं उकरती," तात्या म्हणाले. मला तर ते पटलंच.

एकदा जेवून परत आलो, तर तात्यांनी मदत म्हणून सगळ्या पिशव्या रिकाम्या करून खापरं धुऊन ठेवलेली. बारकी बारक्यात, मोठी मोठ्यात! कुठलं खापर कुठल्या थरातलं, त्याच्या चिठ्ठ्या बादलीत तरंगत होत्या. सर दोन तास त्या चिठ्ठ्या उन्हात वाळवत बसले.

मग सोनं सापडल्याची बोंब उठली. बारामती एमआयडीसीतली पोरं शिफ्ट सुटल्यावर मोटारसायकली घेऊन हजर! निघाली होती चूल. ती ज्या घरातली, त्याचं दार सरांनी पश्चिमेला धरलं होतं. तात्यांच्या बायकोनं चूल बघून नाक मुरडलं. वारा तिकडूनच येतो, धूर घरभर होईल, कुठली बाई असं दार ठेवू देईल, असं तिचं म्हणणं. सरांनी मुकाट्यानं पूर्वेला शोधलं. दार तिथंच होतं!

शेवटी त्या घराच्या जमिनीत दोन मडकी निघाली, आडवी, तोंडाला तोंड लावलेली. आत तान्ह्या मुलाची हाडं. त्या काळी लोक आपलं गेलेलं मूल असं घरातच पुरायचे, सरांनी सांगितलं. तात्या सायकल काढून निघून गेले.

त्याच संध्याकाळी कॅनॉलला पाणी सुटलं. तात्यांची पाळी सकाळी दहाची. हुकली तर पुढची महिन्यानं, आणि उसाचं बेणं बांधावर वाळत पडलेलं. मडकी नीट उचलायला आणखी एक दिवस हवा होता. पाणी शिरलं असतं तर हाडांचा चिखल झाला असता. पण शब्द दिलेला, मुदत मागायला सरांची जीभ रेटेना. उजाडल्यापासून आम्ही माती खरवडत होतो. मी अगदी रडकुंडीला आलो होतो.

दहा वाजले. कॅनॉलच्या चारीतून पाण्याचा आवाज आला. मी धावत बांधावर गेलो, तर पाणी शेजारच्या रानात चाललेलं आणि तात्या खोरं टेकवून उभे.

"तात्या, तुमची पाळी?"

"दिली त्याला," तात्या म्हणाले. "दमानं काढा. लेकरू हाय."