अण्णांच्या दहाव्याला जिंकलेली मॅच

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, भावापाशी तर नाहीच नाही. जर्मनीत आमच्या क्लबात माझा एक म्हातारा मित्र आहे, त्याच्यापाशी एकदा अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याला आधी दहावा म्हणजे काय, पिंड म्हणजे काय, कावळ्याची वाट का बघतात, हे सगळं समजावून सांगावं लागलं असतं — आणि तेवढ्यात माझा धीर गेला असता. तुम्हाला यातलं काही समजवायला नको. म्हणून तुम्हाला सांगतो.

आधी मी कोण ते सांगतो. टेनिस खेळून पोट भरलेला मी माणूस. नाव तुम्ही ऐकलं नसेल, ऐकायचं काही कारणही नाही. जागतिक क्रमवारीत मला शोधायचं तर बोट दुखेपर्यंत पान खाली सरकवावं लागे. गाव टेंभुर्णी, तालुका जाफ्राबाद. बाविसाव्या वर्षी जर्मनीला गेलो. तिथले क्लब आपल्या संघात बाहेरचे खेळाडू घेतात. रविवारी संघासाठी खेळायचं, आठवडाभर क्लबातल्या पोरांना आणि निवृत्त डॉक्टरांना शिकवायचं, आणि मधे सवड मिळाली की रेल्वेने गावोगाव जाऊन छोट्या स्पर्धा खेळायच्या. असा बरीच वर्षं खेळलो. पुढे तिथलाच झालो. पासपोर्टही आता तिथलाच आहे.

हा खेळ मला अण्णांनी दिला. अण्णा म्हणजे माझे वडील, गावच्या शाळेत खेळाचे शिक्षक. कुठल्याशा शिबिरात टेनिस बघून आले आणि झपाटले. मळणीयंत्र आल्यापासून आमच्या रानातलं खळं रिकामं पडलं होतं. अण्णांनी ते दोन्ही अंगांनी वाढवलं, मुरूम टाकून चोपलं, मायकडून शेणाने सारवून घेतलं, चुन्याच्या रेघा मारल्या आणि शाळेतलं व्हॉलीबॉलचं जुनं जाळं कमरेएवढ्या उंचीवर बांधलं. खळ्यावर चप्पल घालून जायचं नसतं. धान्य असो नसो, खळं ते खळं. त्यामुळे चौदा वर्षांचा होईपर्यंत मी टेनिस अनवाणी खेळलो. पुण्याच्या अकादमीत पहिल्यांदा बूट घातले तेव्हा पाय उचलेनात. येणारेजाणारे बांधावर थांबून विचारायचे, "गुरुजी, पोराला फुलपाखरं धरायला शिकवून राह्यले का?" अण्णा त्यांच्याबरोबर हसायचे आणि पुढचा चेंडू टाकायचे.

मी लांबण लावतोय, कळतंय मला. मूळ गोष्टीपाशी जायला पाय जड होतात. तरी जातो.

अण्णा गेले तेव्हा मी जर्मनीतल्याच एका लहान गावात स्पर्धेला गेलो होतो. मे महिना होता. त्याआधी चार वर्षं मी घरी फिरकलो नव्हतो. का? तर शेवटच्या खेपेला स्टँडवर सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो, "आता कप घेऊनच येतो." कुणी मागितला होता कप? कुणीच नाही. पण बोललो, आणि मग त्या बोलण्याचाच कैदी झालो. दरवर्षी वाटायचं, यंदा काहीतरी होईल. दरवर्षी काही होत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी पात्रता फेरीत मी हरलो. पहिल्याच मॅचमध्ये, एका शाळकरी पोराकडून, तासाच्या आत. त्या पोराची आई टाळ्या वाजवत होती, आणि शेवटी तिने माझ्यासाठीही वाजवल्या. त्या टाळ्या मला जास्त लागल्या. खोलीवर आलो, पलंगावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होतो, तेवढ्यात धाकट्या भावाचा, दत्ताचा फोन आला.

"दादा, अण्णा गेले. सकाळी खळ्याकडं चालले होते, बांधावरच बसले, ते बसलेच." मग म्हणाला, "तू निघ जल्दी. जालन्याहून बर्फाच्या लाद्या मागवल्यात. परवा सकाळपर्यंत थांबतो तुझ्यासाठी. अग्नी तूच द्यायचा हाय."

आणि मी म्हणालो, "दत्ता, उद्या माझी मॅच हाय. मला निघता यायचं न्हाई."

मॅच नव्हती. नीट ऐका — माझी कुठलीही मॅच नव्हती. मी हरलो होतो. बॅग भरलेली दाराशी उभी होती. विमानतळाची गाडी दर तासाला होती. दीड दिवसात मी टेंभुर्णीत पोचलो असतो, अण्णांचं तोंड पाहिलं असतं, थोरल्या मुलाने करायचं ते सगळं केलं असतं. मला कुणी अडवलं नव्हतं. मी का नाही गेलो? चार वर्षांनी रिकाम्या हाताने गावात उतरायची लाज वाटली. डोक्यावरचे केस उतरवून ओट्यावर बसल्यावर कुणीतरी विचारणारच, "काय मंग, कसं काय चाललंय खेळाचं?" त्या एका प्रश्नाला मी भ्यालो. एवढंच. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. मी पुष्कळ शोधलं.

मला वाटलं, आता दत्ता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "बराबर हाय दादा. अण्णांनी पण हेच सांगितलं असतं. तू खेळ, मी बघतो इकडचं." त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत त्याने अग्नी दिला. स्पर्धा दहा-बारा दिवस चालते, असंही मी त्याला सांगून ठेवलं होतं.

ते दिवस मी काय केलं? क्लबात सुट्टी टाकलेलीच होती. कपडे धुतले. झोपलो. नदीकाठाने उगाच चालत राहिलो. एका दुपारी दुकान दिसलं म्हणून आइस्क्रीम खाल्लं — बाकावर बसून, सावकाश, संपेपर्यंत. हे सांगायला मला सगळ्यात जड जातं, का ते माहीत नाही. रडलो का? नाही. वाटायचं, मॅच संपली की रडू. आणि मॅच तर नव्हतीच.

दहाव्या दिवशी तिकडे सकाळ होती, माझ्याकडे नुकतं उजाडत होतं. दत्ताचा फोन. मागे माणसांची कुजबुज, कावळ्यांची कावकाव. नदीवर पिंड मांडून दोन तास झाले होते. समोरच्या बाभळीवर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. चुलत्याने शब्द दिला — वहिनीला अंतर देणार नाही. दत्ताने शब्द दिला — शेत विकणार नाही, खळं मोडणार नाही. गावकऱ्यांनी शब्द दिला, शाळेतल्या मास्तरांनी दिला. कावळे हलेनात. ऊन चढलं. शेवटी चुलता म्हणाला, गुरुजींचा जीव पोराच्या मॅचमध्ये अडकला असंल, त्याला फोन लावा.

"दादा, काय झालं मॅचचं? फोन मोठ्यानं केलाय, पिंडापाशीच धरलाय. अण्णा थांबून राह्यलेत रे. सांग त्यायला."

तुम्ही काय केलं असतं, असं मी विचारणार नाही. मी काय केलं ते सांगतो. मी म्हणालो, "अण्णा, मी जिंकलो."

क्षणभर काहीच नाही. मग एकदम गलका. "शिवला! शिवला!" बायामाणसं रडायला लागली. चुलता मोठ्यानं म्हणत होता, "गुरुजी, सुटले बरं तुम्ही." आणि दत्ता फोनवर हुंदके देत होता, "गेले रे दादा अण्णा आता सुखानं. तुझ्यामुळं गेले." मी हो हो म्हणालो आणि फोन ठेवला.

आता आतलं सांगतो. अण्णांचा जीव मॅचमध्ये अडकलेला नव्हता. हे त्या नदीवर कुणाला माहीत नव्हतं, मला एकट्याला माहीत होतं. जाण्याआधी चार दिवस त्यांचा फोन आला होता. मी नेहमीसारखी फुशारकी मारत होतो — यंदा मुख्य फेरीत जातो बघा. अण्णांनी मला मधेच तोडलं. "ते मॅचबिच होत राहतंय रे. हारला तरी बिलकुल हरकत न्हाई. एकदा येऊन जाय. पाहू वाटायलंय तुला." मी म्हणालो, येतो. त्यांना हवं ते एवढंच होतं. तेव्हा त्या सकाळी खरं बोलायचं तर मी म्हणायला हवं होतं — अण्णा, मी हरलो, आणि मी येतो. ते सोडून मी उरलेलं सगळं बोललो.

मग कावळा का आला? भुकेला असेल. कितीदा मी स्वतःला हेच सांगतो. दुसरं काही मला मानायचं नाही, कारण दुसरं काही मानलं तर अण्णांनी शेवटचं जे ऐकलं ते माझं खोटं होतं.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. मी गावची गोष्ट झालो. बापाच्या मातीला आला नाही पण मैदान सोडलं नाही, असा मुलगा. पुढच्या वर्षी गेलो तर वेशीत माझ्या फोटोचा बॅनर, शाळेत शाल-नारळ. कुणी निकाल तपासला नाही. असल्या स्पर्धेचा निकाल कुठल्या पेपरात येणार? आणि आता मोबाइलवर सापडेलही, पण आपल्या माणसाचं खरंखोटं कोण शोधत बसतं? कुणीतरी एकदा विचारलं, फायनल होती का? मी म्हणालो, छे, दुसरी फेरी. खोटं बोलतानाही माझा नम्रपणा बघा.

माय बायांना ही गोष्ट सांगायची, तेव्हा तिचा चेहरा उजळायचा. तिच्यासमोर मी मान खाली घालायचो, आणि लोक म्हणायचे, किती लाजाळू.

इथवर असतं तर कदाचित मी हे माझ्याबरोबरच नेलं असतं. पण दत्ताला एक मुलगी आहे, गौरी. तीही त्याच खळ्यावर खेळायला शिकली. दत्ताने शिकवलं — अण्णांसारखंच, अनवाणी. आता ती सतरा वर्षांची आहे, पुण्याला अकादमीत असते, आणि सांगतो, माझ्यापेक्षा चांगली खेळते. लहानपणापासून तिने ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल, याचा हिशेब नाही.

गेल्या हिवाळ्यात माय आजारी पडली. मी लगेच निघालो. दीड दिवसात पोचलो. माय शुद्धीवर होती. माझा हात हातात घेतला, पण नजर दाराकडे. "गौरी आली का?" गौरीची त्या आठवड्यात स्पर्धा होती. दत्तानेच तिला कळवलं होतं — तू येऊ नको, काकाचं आठव, खेळ. दोन दिवस माय तेच विचारत राहिली. मला शेजारी बसवून तिसऱ्या दिवशी गेली. मी दोन दिवस दत्ताला म्हणू शकलो असतो, बोलाव पोरीला. ती आठ तासांत आली असती. पण बोलाव म्हणालो असतो तर तो विचारणार, का? मी गप्प राहिलो. मातीला जमलेल्या लोकांना दत्ता सांगत होता, "आमच्या घरात असंच हाय. दादानं केलं, आता पोरीनं केलं." त्याचा ऊर अभिमानाने भरून आलेला होता.

माय गेल्याच्या तिसऱ्या दिवशी गौरी आली. दुपारी मी मागच्या अंगणात एकटा बसलो होतो, तिथे येऊन बसली. बराच वेळ पायाच्या नखाने माती उकरत होती. मग म्हणाली, "मी हरले काका. आजीचं तोंड पण न्हाई बघितलं, अन् वरून हरले. तुम्हाला सोसलं होतं ना? मंग मला का सोसत न्हाई?"

आम्ही दोघंच होतो. कुणी ऐकणारं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी काय म्हणेन त्यावर तिचा पूर्ण विश्वास होता.

मी म्हणालो, "होते सवय."

तिने डोळे पुसले, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने सरावाला परत गेली.