शेऱ्याच्या रकान्यातली वस्ती

मी हसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना जीभ अडखळणार नाही.

आमदारसाहेबांच्या संपर्क कार्यालयात सोसायटीची माणसं आली होती. आमच्या वस्तीला लागून टॉवर झाले, तिथली. त्यांना आतल्या केबिनमध्ये बसवलं, एसी लावला, चहा मागवला. मी तिथेच कोपऱ्यातल्या टेबलावर टायपिंग करत होते. अकरा वर्षं त्याच टेबलावर. त्यांचं म्हणणं असं, की टॉवर आणि वस्ती यांच्या मधे जी मोकळी जागा आहे तिथे बाग व्हावी. चालायला ट्रॅक, ज्येष्ठांना बाकडी. ती जागा आमच्या पोरांच्या अभ्यासिकेसाठी ठेवलेली होती. सोसायटीच्या सेक्रेटरी मॅडम पार्ल्यात वाढलेल्या, बोलणं अगदी मऊ. त्यांनीच विचारलं, "पण साहेब, त्या लोकांचा विरोध नाही ना होणार?"

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "ही बघा, त्यांच्यातलीच आहे. आमची हक्काची माणसं. ह्यांना विचारायचं नसतं मॅडम, नुसतं सांगायचं असतं."

सगळे हसले. मीही हसले. दात दाखवून.

दाराबाहेर तेव्हा आमच्या वस्तीतल्या बायका उभ्या होत्या. त्याच अभ्यासिकेचा अर्ज घेऊन, सकाळी नऊपासून. बाहेर बाकडं एकच, आणि त्यावर साहेबांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स रचून ठेवलेले. त्या बायकांत माझी आई होती. केबिनचं दार प्लायवूडचं आहे, आतलं सगळं बाहेर ऐकू जातं. मला ते चांगलं माहीत होतं.

संध्याकाळी घरी आईने एवढंच विचारलं, "काहून हसली वं तू?"

मी भाजी चिरत राहिले. तिने परत विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान मी भांडले तरी असते.

आई वाशीमकडून आली. अंधेरीच्या एमआयडीसीत औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावली तिने, गुडघे जाईपर्यंत. आम्ही बौद्ध. वस्तीतली बहुतेक घरं आमचीच. साहेबांना आम्ही पाच वेळा निवडून दिलं. उगाच नाही दिलं. पहिल्या खेपेला ते नवीन होते, अंगात रग होती. पालिकेची गाडी वस्ती पाडायला आली तेव्हा हा माणूस बुलडोझरसमोर उभा राहिला. खरंच उभा राहिला, मी शाळेत होते, डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशी आमची घरं वाचली. ते उपकार वस्तीने डोक्यावर घेतले आणि कधी खाली ठेवलेच नाहीत. एक दिवस उभा राहिला आणि पंचवीस वर्षं बसून खाल्लं.

त्याने दोनदा पक्ष बदलला. आम्ही बदललो नाही, फक्त चिन्ह बदललं. आई तेवढी शिकलेली नाही. नवीन चिन्ह आलं की मी वहीवर काढून तिला दाखवायची, आणि ती पाढे पाठ करावेत तसं ते पाठ करायची. मतदानाच्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून सगळ्यांत आधी रांगेत. दुसऱ्या निवडणुकीत साहेब पडल्यातच जमा होते. शेवटच्या फेरीत आमच्या वस्तीची मतं मोजली आणि ते वर आले. गुलाल आमच्या गल्लीत उधळला, पण पेढे सोसायट्यांत वाटले गेले. तेव्हाही आम्हाला त्यात काही वाटलं नाही. आपलाच माणूस आहे, आधी बाहेरच्यांना वाटणार, असं आईच म्हणाली होती.

मी एमए झाले, मराठीत. नोकरी लागेना. साहेबांनी मला कार्यालयात बसवलं. शिफारसपत्रं, निवेदनं, शोकसंदेश, सगळं मीच लिहायची. साहेब भाषणात जे बोलायचे त्यातलं निम्मं माझं. सही त्यांची.

सोसायटीची माणसं गेल्यावर साहेबांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "वस्तीची हरकत नाही, असं एक पत्र कर. शुक्रवारपर्यंत दे. सही तुझीच चालेल, तू तिथलीच ना."

मी "हो साहेब" म्हणाले. हेही लिहून ठेवते. "आम्ही खाली सही करणारे, वस्तीतील रहिवासी" अशी सुरुवातसुद्धा केली. बोटांना सवय झालेली. अभ्यासिकेबद्दल दरवर्षीच्या कार्यअहवालात मीच टाइप केलेलं. एकदा "मंजूर", मग "पाठपुरावा सुरू", मग "प्रगतिपथावर". त्या जागेवर एक वीटही पडली नव्हती. पोरं विहाराच्या ओट्यावर अभ्यास करत होती.

त्याच आठवड्यात दुसरं काम आलं. साहेबांच्या आमदारकीला पंचवीस वर्षं होणार, म्हणून गौरवपुस्तिका काढायची होती. त्यात पाचही निवडणुकांचा इतिहास हवा. साहेबांचे पीए देसाई काका. मोठा सज्जन माणूस, कधी आवाज चढवला नाही. त्यांनी कपाटातून जुन्या फायली काढून माझ्यासमोर ठेवल्या. म्हणाले, "बूथवार तक्ता कर गं. शेरे वगैरे सोड, ते आपले आतले आहेत."

सोड म्हटलं की माणूस वाचतोच.

प्रत्येक बूथपुढे शेवटचा रकाना शेऱ्याचा. हाताने लिहिलेला. पूर्वेकडच्या सोसायट्यांपुढे होतं, "लवकर रुसतात. साहेबांनी स्वतः दोनदा जावे." मार्केटपुढे, "कधीही फिरतील. सांभाळून." कोळीवाड्यापुढे, "आधी पाटलांना विचारावे, मगच सभा." चाळींपुढे, "गेल्या वेळी नाराज. पाण्याचे काम आधी करावे." आणि ते काम झालेलं, पुढच्याच वर्षी. मी टाइप केलं होतं ना, मला आठवत होतं.

मग आमचा बूथ आला. त्यापुढे एकच शब्द. "गृहीत."

मी दुसरी फाइल काढली. वेगळं वर्ष, वेगळं अक्षर, वेगळी शाई. "गृहीत." तिसरी, चौथी, पाचवी. शेवटच्या फायलीत तर शब्द पूर्ण लिहायचे कष्टही घेतले नव्हते. नुसतं "गृ." आणि पुढे टिंब.

माझ्या अंगाची आग आग झाली. जे नाराज झाले त्यांना पाणी मिळालं. जे रुसले त्यांच्या घरी साहेब दोनदा गेले. आम्ही पंचवीस वर्षं एकाच जागी घट्ट उभे राहिलो, आणि आमच्या इमानाचं यांनी टिंब केलं. धुतलेलं लुगडं नेसून रांगेत पहिली उभी राहणारी माझी आई यांच्या कागदावर टिंब होती.

मी फाइल घेऊन देसाई काकांकडे गेले. "काका, हे कुणी लिहिलंय?"

त्यांनी चष्मा वर केला, बघितलं आणि चक्क हसले. "अगं, वाईट काय त्यात? कौतुकच आहे ते. तुमची माणसं फुटत नाहीत."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ते खरंच कौतुक वाटत होतं. याचाच मला जास्त राग आला.

शुक्रवारी साहेबांनी पत्र मागितलं. मी छापून नेलं, टेबलावर ठेवलं. खाली सहीची जागा कोरी.

"सही?"

"मी नाही करणार साहेब. मी म्हणजे वस्ती नव्हे. वस्तीला विचारा."

"त्यात काय विचारायचंय?"

"विचारलं आणि ते नाही म्हणाले तर?"

साहेब खुर्चीत मागे रेलले. चिडले नाहीत. चिडायची गरजच वाटली नसावी. "तुम्ही लोक नाही म्हणत नाही गं," म्हणाले. "डोकं तापवू नकोस. जा, चहा पी, सही करून आण."

  मी ते पत्र उचललं, त्यांच्यासमोरच उभं फाडलं आणि म्हणाले, "मी म्हणतेय. नाही."

तेव्हा कुठे त्यांचा चेहरा बदलला. "तुला इथे कुणी बसवलं, विसरलीस?"

"नाही विसरले," मी म्हणाले, आणि पर्स उचलून बाहेर पडले. अकरा वर्षांत त्या दारातून मी पहिल्यांदाच परवानगी न विचारता बाहेर आले होते. मोकळं वाटलं नाही. लाज वाटली, की एवढी वर्षं लागली.

आता कुणाला वाटेल, पुढे काही चांगलं झालं असेल. नाही झालं. दुसऱ्याच दिवशी आमच्याच गल्लीतल्या मंडळाच्या अध्यक्षाने तसंच पत्र सही करून दिलं. त्याच्या भावाला नोकरीचं आश्वासन होतं. जागेभोवती पत्रे ठोकले गेले, बागेचा बोर्ड लागला.

रविवारी विहारात बायका जमल्या. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. केबिनमधलं हसणं, "हो साहेब" म्हणणं, पत्राची सुरुवात करणं, शेऱ्याचा रकाना. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एक बाई म्हणाली, "अकरा वर्षं होतीस ना तिथे? तेव्हा कुठे होते डोळे?"  बरोबरच होतं तिचं. मग दुसरी म्हणाली, "ते जाऊ दे. हरकत कशी घ्यायची ते सांग." आम्ही घरटी सह्या घेतल्या. वॉर्ड ऑफिसात हरकत नोंदवली आणि पोच घेतली. सुनावणी अजून लागलेली नाही.

आईने सही केली, पण तिचं मन अजून तयार नाही. म्हणते, "त्यानं आपलं घर वाचवलं होतं वं." मी म्हणते, "ते तू पाच वेळा फेडलंस."  दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिच्याशी मी रोज भांडते, आणि भांडत राहणार आहे, कारण तिच्यासारखी घरं वस्तीत पुष्कळ आहेत.

निवडणूक येईल. साहेब हात जोडून गल्लीत शिरतील. शिरू देत. आम्ही त्यांना बसवू, पाणी देऊ, आणि मग समोरासमोर सांगू, की अभ्यासिकेची जागा लेखी परत मिळाल्याशिवाय इथून मत मिळणार नाही. त्यांचा पूर्ण हिशेब मी स्वतःच्या हाताने टाइप केलाय. आमच्या बूथशिवाय ते पडतात, हे मला त्यांच्याइतकंच ठाऊक आहे. पडले तर पडू देत. त्यांच्या जागी याहून वाईट माणूस आला तर त्यालाही पहिल्या दिवशी हेच सांगू, आणि तोही फिरला तर त्यालाही पाडू.