गळ्याकडे जाणारा हात

ह्यांना जाऊन महिना झाला. आज डबीतलं मंगळसूत्र हाती लागलं आणि लग्नानंतरचा कल्याणचा पहिला गणेशोत्सव आठवला. नाटकात मी नवी सून होते. वडील आणि नवरा यांच्या वैरात तिने वडिलांकडे जाताना मंगळसूत्र नवऱ्यापुढे ठेवायचं होतं. नाटकातलं खोटं मंगळसूत्र घालायलाच मी विसरले. गळ्यात माझं स्वतःचं होतं आणि पहिल्या रांगेत सासूबाई.

विंगेतून प्रॉम्प्टर कुजबुजला, "वहिनी, काढा ना."

थरथरत्या हातांनी काढलं.

घरी सासूबाई म्हणाल्या, "काय केलंस गं हे?"

"आई, जिवंत आहे मी अजून," हे हसले.

पुढे ह्यांना साधा ताप आला तरी माझा हात गळ्याकडे जायचा. महिन्यापूर्वी ते पुन्हा काढलं, तेव्हा हात थरथरला नाही. भ्यायला काही उरलंच नव्हतं.